जीडीपी वाढला, मग आमच्या घरात काय आलं? – वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न एकाच विषयाभोवती फिरतायत, त्यामुळं सगळे एकत्रच घेतोय. नाव छापू नका असं बऱ्याच जणांनी लिहिलंय म्हणून फक्त कोल्हापूर भागातलं गाव किंवा पेठ दिलीय.

प्रश्न : मी गोकुळ शिरगावला फाउंड्रीत आहे, कंत्राटदाराकडं. टीव्हीवर रोज सांगतात भारत जगात चौथ्या नंबरला गेला, इतके टक्के ग्रोथ झाली. आमच्या पगारात तीन-चार वर्षांत म्हणावा असा फरक नाही, उलट उसनवारी वाढलीय. मग हे टक्के जातात कुठं? – फाउंड्री कामगार, उजळाईवाडी

दादा, प्रश्न एकदम बरोबर आहे आणि तुमच्यासारखे लाखो लोक तो विचारतायत. हा चौथा नंबर जीडीपीवरून काढतात, म्हणजे देशात वर्षभरात जेवढा माल आणि सेवा तयार झाल्या त्यांची एकूण किंमत. ती साधारण चार ट्रिलियन (चार लाख कोटी) डॉलर आहे, पण तिला जवळपास १४५ कोटी लोकांनी भागा, मग माणशी वर्षाला पावणेतीन हजार डॉलरच्या आसपास येतात. आणि हा आकडासुद्धा सरासरीचा, म्हणजे मोठ्या उद्योगपतीची कमाई आणि तुमची कमाई एकत्र करून सगळ्यांना सारखी वाटली असं धरलेलं. प्रत्यक्षात असं कुणी वाटत नाही.

२०२४-२५ ला ग्रोथ ६.५ टक्के झाली, हा महागाई वजा करून काढलेला आकडा आहे, खोटा नाही. तुम्ही ओतलेलं कास्टिंग त्यात मोजलेलंच आहे. पण त्या कास्टिंगमधून जी भर पडली तिचे वाटे होतात, काही मजुरी, काही बँकेचं व्याज, काही टॅक्स आणि उरलेला नफा. एकूण भर वाढली तरी मजुरीचा वाटा तेवढाच वाढेल असा काही नियम नाही. देशातल्या नोंदणीकृत कारखान्यांत दहापैकी साधारण चार कामगार आता कंत्राटी आहेत, आणि कंत्राटी माणूस पगारवाढ मागायला गेला की उद्यापासून येऊ नको म्हणतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता जरा हिशोब बघा. २०२२-२३ ला महागाई ६.७ टक्के होती, पुढच्या वर्षी ५.४, त्याच्या पुढच्या वर्षी ४.६. म्हणजे जी वस्तू सुरुवातीला १०० ला होती ती तीन वर्षांत साडेसतराने महाग झाली. समजा तुमच्या हातात १४ हजार पडत होते तर नुसतं जागेवर राहायला १६ हजार ४०० च्या पुढं पाहिजेत. कंत्राटदारानं साडेपंधरा केले तर तो म्हणणार दीड हजार वाढवले, आणि खरं तर तुमचा पगार महिन्याला जवळपास हजाराने कमी झाला. उसनवारी वाढली ती यामुळं, तुमचा खर्च बेताल झाला म्हणून नव्हे.

लगेच करता येण्यासारखं काय, तर पगाराची स्लिप मागा आणि तीन गोष्टी बघा. एक, महाराष्ट्रात किमान वेतनावरचा विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो, तो तुमच्या स्लिपमध्ये बदलतोय का. दुसरं, पीएफ तुमचा १२ टक्के कापतात तेवढीच मालकाची भर पडली पाहिजे, यूएएन नंबरवरून (पीएफ खात्याचा तुमचा कायमचा नंबर) पासबुक मोबाईलवर दिसतं, महिन्याला पैसे पडतायत का ते बघा (कापलेत पण भरले नाहीत अशा केसेस आपल्या भागात मी स्वतः बघितल्यात). तिसरं, पगार २१ हजारांच्या आत असेल तर ईएसआय म्हणजे कामगार विमा, त्यात तुमचे पाऊण टक्का आणि मालकाचे सव्वातीन टक्के, आणि त्यातून घरच्यांचाही दवाखाना होतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवे कामगार कायदे लागू झालेत, त्यात नेमणुकीचं पत्र देणं सक्तीचं आहे. ते मागा, एकट्यानं नको, पाच-दहा जणांनी मिळून मागा.

प्रश्न : महागाई एकदम कमी झाली अशी बातमी वाचली, पाव टक्का का काय. पण माझं किराणाचं बिल तर एक रुपयानं कमी झालेलं नाही. जीएसटी पण कमी केला म्हणतात. मग आम्हाला कळत कसं नाही? – गृहिणी, शिवाजी पेठ

वहिनी, बातमी खरी आहे. ऑक्टोबर २०२५ ला किरकोळ महागाई ०.२५ टक्के निघाली. पण महागाई कमी झाली म्हणजे भाव उतरले असं नाही, भाव वाढायचा वेग कमी झाला. वरच्या उत्तरात जे साडेसतरा वाढलेत ते तसेच वर बसलेत, त्यावर तेव्हा नवीन फार चढले नाहीत एवढंच. त्यातून त्या महिन्यात आकडा खाली यायचं मोठं कारण भाजीपाला आणि डाळी आधीच्या वर्षापेक्षा स्वस्त होत्या हे. कपिलतीर्थ मंडईत तुम्हाला टोमॅटो-कांद्यात ते जाणवलं असेल, पण किराणाच्या दुकानात नाही.

तेलाचं बघा, कारण घरात सगळ्यात जास्त बोचतं ते तेल. आपण खातो त्यातलं निम्म्याहून जास्त तेल बाहेरून येतं. १४ सप्टेंबर २०२४ ला केंद्रानं कच्च्या खाद्यतेलावरचा आयात कर साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीसवर नेला, ऐन सणाच्या तोंडावर, आणि डबा भडकला. पुढं ३० मे २०२५ ला तो साडेसोळावर आणला. आता तुम्ही म्हणाल असं केलं कशाला? तर त्याच दिवसांत सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ होता आणि बाजारात त्याच्या खालीच विकलं जात होतं, हातकणंगले-शिरोळ पट्ट्यात ज्यांच्या घरी सोयाबीन पडून होतं त्यांना विचारा. बाहेरचं तेल महाग केलं की इथल्या सोयाबीनला आधार मिळेल असा तो विचार. म्हणजे तुमच्या कढईतून काढून शेतकऱ्याला द्यायचे होते. माझ्या मते विचार चूक नव्हता, पण त्याची किंमत सगळ्यात गरीब घरानं त्याच प्रमाणात का भरावी? रेशनवर तेल स्वस्तात दिलं असतं तर दोन्ही साधलं असतं. शेतकऱ्यालासुद्धा त्याचा पुरता फायदा झाला नाही कारण दर तरी हमीभावाच्या खालीच राहिले.

जीएसटीचं थोडक्यात सांगतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, शाम्पू, टूथपेस्ट, केसांचं तेल, बिस्किटं हे १८ वरून ५ वर आलं, तूप-लोणी १२ वरून ५ वर. पण सुटे तांदूळ, सुटी ज्वारी, भाजी, डेअरीचं रोजचं दूध यांच्यावर आधीही टॅक्स नव्हता आणि खायच्या तेलावर आधीही ५ होता, आजही ५ च आहे. म्हणजे ज्या घरात निम्मा खर्च पोटावर होतो त्या घराला या कपातीचा फायदा कमी, आणि जिथं मोटरसायकल, टीव्ही, एसी घ्यायचा होता तिथं जास्त. २०२२-२३ च्या सरकारी पाहणीत खेड्यात माणशी महिन्याचा खर्च सरासरी ३,७७३ रुपये निघाला आणि त्यातला ४६ टक्के खाण्यावर, शहरात ६,४५९ आणि त्यातला ३९ टक्के. कमाई जेवढी कमी तेवढा खाण्याचा वाटा मोठा. म्हणून पेपरातला एकच महागाईचा आकडा राजारामपुरीतल्या बंगल्याला आणि तुमच्या घराला सारखा लागू होत नाही.

एक करा, साबण-पेस्टच्या पुड्यावर २२ सप्टेंबरच्या आधीची आणि नंतरची किंमत आणि वजन दोन्ही बघा. किंमत तीच ठेवून ग्रॅम वाढवलेत का, का काहीच केलं नाही, ते तिथं कळतं.

प्रश्न : एफआरपी वाढवली वाढवली म्हणून गाजावाजा होतो. खताचं पोतं, मजुरी, पाणीपट्टी धरली तर हातात काय राहत नाही. त्यात बिल वेळेवर नाही. सरकारचं धोरण नक्की कुणासाठी आहे, शेतकऱ्यासाठी का साखर खाणाऱ्यासाठी? – ऊस उत्पादक, शिरोळ तालुका

काका, दोघांसाठीही आहे आणि म्हणूनच ते ओढाताणीचं झालंय.

एफआरपी म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायचा केंद्रानं ठरवलेला किमान दर. २०२५-२६ साठी तो सव्वादहा टक्के उताऱ्याला (शंभर किलो उसातून सव्वादहा किलो साखर) क्विंटलला ३५५ रुपये म्हणजे टनाला ३,५५०. उतारा दशांश एक टक्क्यानं वाढला की क्विंटलला ३ रुपये ४६ पैसे वाढतात. आपल्याकडं उतारा चांगला असतो, १२ धरला तर टनाला ४,१५५ च्या आसपास होतात, मग त्यातून तोडणी-वाहतूक वजा होऊन तुमच्या खात्यावर येतं. हे वजाबाकीचं प्रकरण मोठं आहे आणि कारखान्यागणिक वेगळं आहे, म्हणून एकाच शिवारातल्या दोन शेतकऱ्यांना दोन दर मिळतात.

आता दुसरी बाजू. साखरेचा किमान विक्री दर केंद्रानं जून २०१८ ला किलोला २९ ठरवला, फेब्रुवारी २०१९ मध्ये ३१ केला, आणि नंतर कित्येक वर्षं तो तिथंच ठेवला. २०१८-१९ ला एफआरपी १० टक्के उताऱ्याला २७५ होती. म्हणजे उसाचा दर चढत गेला आणि साखरेचा सरकारी तळ जागेवर थांबला. बाजारात साखर ३१ च्या वर विकते हे खरं, पण बँक कारखान्याला कर्ज देताना आणि धोरण ठरवताना हा तळ महत्त्वाचा. इथेनॉलमधून कारखान्यांना रोख पैसा लवकर यायला लागला होता, तर ७ डिसेंबर २०२३ ला उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी आली, ऐन हंगामात. ओरड झाल्यावर १७ लाख टन साखरेइतकी सूट दिली आणि पुढच्या वर्षी बंदी उठवली. कारण काय तर निवडणुकीच्या आधी साखर महागायला नको. आता साखरेचा मोठा हिस्सा घरातल्या डब्यात नाही जात, तो मिठाई, बिस्किट, थंड पेयांच्या कारखान्यांत जातो. म्हणजे चहात साखर घालणाऱ्या गरिबाचं नाव घेऊन मोठ्या कंपन्यांना स्वस्त कच्चा माल मिळाला आणि किंमत शिरोळच्या शेतकऱ्यानं मोजली. हे मला पटत नाही आणि मी ते उघडपणे लिहितोय.

वेळेवर बिल नाही, हा तुमच्या पत्रातला मला सगळ्यात गंभीर वाटलेला मुद्दा. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात १४ दिवसांच्या आत पैसे द्यायचे आणि उशीर झाला तर वर्षाला १५ टक्क्यांनी व्याज असं स्पष्ट आहे. राज्य सरकारनं २०२२ मध्ये दोन टप्प्यांत एफआरपी देण्याचा निर्णय काढला होता, तो मुंबई उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये रद्द केला, म्हणजे एकरकमीच द्यायची. समजा तुमचा ५० टन ऊस गेला आणि हातात यायचे १ लाख ६५ हजार. चौदा दिवसांच्या वर दोन महिने लटकले तर व्याजच चार हजारांच्या वर होतं. हे व्याज किती जण मागतात? कारण पुढच्या वर्षी तोड वेळेवर पाहिजे असते, चिटबॉयशी (कारखान्याचा तोडीची चिठ्ठी देणारा माणूस) वाकडं घ्यायचं नसतं. आणि तिकडं सोसायटीचं पीककर्ज ३ लाखांपर्यंत शून्य व्याजानं असतं ते वेळेत भरलं तर, मुदत चुकली की ती सवलत गेली. एका उशिराचे असे दोन फटके बसतात. तर लेखी अर्ज साखर सहसंचालक कार्यालयात द्या, कोल्हापुरातच आहे, वजनाच्या पावत्या जोडून.

प्रश्न : लाडक्या बहिणीसारख्या योजनांनी राज्याची तिजोरी रिकामी होतेय. मी ३४ वर्षं सरकारी नोकरी केली, टॅक्स भरला. फुकट वाटण्यापेक्षा उद्योग आणले असते तर लोकांचं कायमचं भलं झालं असतं असं मला वाटतं. तुमचं मत काय? – निवृत्त कर्मचारी, राजारामपुरी

सर, तुमच्याशी अर्ध्यावर सहमत आहे, अर्ध्यावर नाही.

लाडक्या बहिणीला जुलै २०२४ पासून महिन्याला १,५०० म्हणजे वर्षाला १८ हजार. योजना जाहीर झाली तेव्हा वर्षाचा खर्च ४६ हजार कोटी सांगितला होता. रक्कम फार मोठी आहे यात वाद नाही. पण हे पैसे जातात कुठं ते बघा. बाईच्या खात्यावर आलेले पैसे गॅसला जातात, पोराच्या क्लासला, भिशीला, किराणाच्या उधारीला, म्हणजे पंधरा दिवसांत ते आपल्याच बाजारपेठेत फिरतात. घरातल्या बाईला कुणापुढं हात न पसरता दवाखान्यात जाता आलं ही गोष्ट कुठल्या जीडीपीत दिसत नाही, पण तिच्या घरात ती फार मोठी असते. त्याला फुकट म्हणणं मला जमत नाही.

आणि तुम्ही स्वतः अशा एका योजनेला आयुष्यभर पैसे दिलेत. तुमच्या पगारातून दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० व्यवसाय कर कापला जायचा ना? तो कर १९७५ मध्ये रोजगार हमीसाठी आणला. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागेंच्या कल्पनेतून जी हमी सुरू झाली तिचा १९७७ मध्ये कायदा झाला, शहरातल्या पगारदारांनी खेड्यातल्या मजुराला काम द्यायचं अशी ती सोय होती. त्यातून बंधारे झाले, पाझर तलाव झाले, रस्ते झाले, आणि २००५ च्या देशाच्या कायद्यानं महाराष्ट्राचाच कित्ता गिरवला. म्हणजे कल्याणावरचा खर्च विकासाच्या आड येतोच असं नाही, पैसा कशात घातला हे महत्त्वाचं.

आता जिथं सहमत आहे ते. महिन्याला रोख देणं सोपं असतं, नाव होतं, मत मिळतं. अंगणवाडी नीट चालवणं अवघड असतं आणि त्याचा कुणी फ्लेक्स लावत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे महाराष्ट्राचे आकडे माझ्या डोक्यातून जात नाहीत. २०१५-१६ ला पाच वर्षांखालच्या मुलांत वयाच्या मानानं उंची खुंटलेली ३४ टक्के होती, २०१९-२१ ला ३५ टक्के. १५ ते ४९ वयाच्या बायकांत रक्त कमी असलेल्या ४८ टक्के होत्या त्या ५४ झाल्या. त्या मधल्या काळात राज्याचं उत्पन्न वाढतच होतं, कोरोनाचं वर्ष सोडलं तर. देशातल्या सगळ्यात मोठ्या अर्थव्यवस्थेच्या राज्यात दर तीनातलं एक पोर खुरटलेलं आणि अर्ध्याहून जास्त बायका अशक्त.

आणि अंगणवाडीतल्या मुलाच्या पोषण आहाराचा दर २०१७ साली दिवसाला ८ रुपये ठरला आणि पुढं वर्षानुवर्षं तेवढाच राहिला. आठ रुपयांत आज लक्ष्मीपुरीत एक अंडं आलं तर आलं. मधे डाळ वाढली, तेल वाढलं, गॅस वाढला, तो आठचा आकडा हलला नाही. माझा राग यावर आहे. बहिणीचे पंधराशे काढून घ्या असं मी म्हणणार नाही, पण त्यांच्या पोराच्या ताटातले आठ रुपये वाढवायला पैसे नाहीत हे कारण मी ऐकून घेणार नाही.

उद्योग आणावेत, नक्की आणावेत. पण गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत जाऊन बघा, कारखाने आलेत, आणि पहिल्या प्रश्नातले दादा तिथं कंत्राटावरच उभे आहेत. उद्योग आला की आपोआप भलं होतं असं असतं तर त्यांना मला पत्र लिहावं लागलं नसतं.

प्रश्न : प्राडानं कोल्हापुरी वापरली, एवढा गवगवा झाला. आम्हा कारागिरांना त्याचं काय मिळणार? – चप्पल कारागीर, सुभाषनगर

थेट आणि लगेच फार नाही, खोटी आशा दाखवत नाही. जून २०२५ ला या इटालियन फॅशन कंपनीच्या मिलानच्या शोमध्ये ती चप्पल दिसली, कोल्हापुरीचं नाव घेतलं नव्हतं, टीका झाल्यावर कंपनीनं मूळ मान्य केलं. भौगोलिक मानांकन (म्हणजे कोल्हापुरी हे नाव ठरलेल्या भागातल्या चपलेलाच) २०१९ पासून आहे, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. मानांकनामुळं नाव वाचतं, मजुरी वाढत नाही. तुमची मजुरी जोडावर ठरते आणि चामडं कोण आणून देतं, माल कोण उचलतो यावर. ज्याच्या हातात दुकान त्याच्या हातात दर. सप्टेंबर २०२५ पासून २,५०० पर्यंतच्या चपलेवर जीएसटी ५ टक्के झालाय (आधी हजारापर्यंत १२ आणि वर १८ होता), तर दुकानदाराला जोडामागं जे सुटले त्यातले थोडे मजुरीत मागायला ही वेळ बरी आहे. पाच-सहा घरं मिळून चामडं एकत्र घेतलंत तर तो फरक प्राडापेक्षा आधी हातात पडेल.

प्रश्न : आमची पेन्शन नाही, एफडीच्या व्याजावर घर चालतं. व्याजदर खाली आलेत. पतसंस्थेत दीड-दोन टक्के जास्त मिळतंय, तिकडं टाकू का? – ज्येष्ठ नागरिक, मंगळवार पेठ

काका, रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी ते डिसेंबर २०२५ मध्ये रेपो दर (ज्या दरानं ती बँकांना पैसे देते) साडेसहावरून सव्वापाचवर आणला. घरकर्ज असलेल्या पोराचा हप्ता हलका झाला आणि तुमचं व्याज कमी झालं, एकाच निर्णयानं, कदाचित एकाच घरात. धोरण असंच असतं, त्यात सगळ्यांचा फायदा एकदम होत नाही.

पतसंस्थेबद्दल मात्र स्पष्ट सांगतो. बँकेतली ठेव, सहकारी बँक धरून, ५ लाखांपर्यंत विम्याखाली आहे. पतसंस्थेला तो विमा लागू नाही. चांगल्या पतसंस्था आहेत आपल्याकडं, पण म्हातारपणाची सगळी पुंजी दीड टक्क्यासाठी तिथं एकत्र टाकू नका. पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना आधी बघा, ३० लाखांपर्यंत टाकता येतात आणि तिला सरकारची हमी आहे.

प्रश्न : मी शिवाजी विद्यापीठात अर्थशास्त्र शिकतेय. आधी ग्रोथ मग वेल्फेअर, असं एक सर सांगतात आणि दुसरे उलटं सांगतात. आधी देश श्रीमंत व्हायला हवा ना? – विद्यार्थिनी, कोल्हापूर

आधी-नंतर असा क्रम लावूनच गोंधळ होतो. ज्या सायमन कुझनेट्सनं राष्ट्रीय उत्पन्न मोजायची पद्धत बसवली त्यानंच १९३४ च्या अहवालात बजावलं होतं की या आकड्यावरून लोकांचं बरं चाललंय का ते ठरवता येणार नाही. पुढं १९९० मध्ये महबूब उल हक आणि अमर्त्य सेन यांच्या विचारातून मानव विकास निर्देशांक आला, उत्पन्नाबरोबर आयुष्य आणि शिक्षण मोजणारा. २०२५ च्या अहवालात आपला नंबर १९३ देशांत १३० वा आहे. जीडीपीतला चौथा आणि हा एकशे तिसावा, दोन्ही नंबर एकाच देशाचे आहेत, आणि मधल्या अंतरात नेमकं काय अडकलंय हा खरा तुमच्या अभ्यासाचा विषय.

पण तुम्ही कोल्हापुरात शिकताय तर परदेशापर्यंत जायची गरज नाही. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी वसवली गुळाच्या व्यापारासाठी, १९०६ मध्ये शाहू मिल काढली, राधानगरीचं धरण हाती घेतलं. ही झाली तुमची ग्रोथ. त्याच वेळी १९०२ मध्ये नोकऱ्यांत निम्म्या जागा मागासलेल्या जातींसाठी राखल्या, आणि १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, मुलाला शाळेत न घालणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड. संस्थान श्रीमंत झाल्यावर बघू असं म्हटलं नाही. संस्थान काही फार मोठं नव्हतं, दुष्काळ आणि प्लेग दोन्ही भोगून झालं होतं. धरणाच्या पाण्यावर ऊस आला, उसावर गूळ आणि मग साखर आली, आणि त्याचा हिशोब ठेवायला, सोसायट्या चालवायला, मशीन चालवायला शिकलेली पोरं लागली. ती शाळेनंच दिली. शाळेनं ग्रोथ वाढवली का ग्रोथनं शाळा वाढवली, हे वेगळं काढून दाखवा असं तुमच्या दोन्ही सरांना विचारा. माझं उत्तर असं की ते वेगळं काढता येत नाही, आणि ज्यांनी ग्रोथ होईपर्यंत शाळा-दवाखाने थांबवले त्यांच्याकडं ग्रोथही अर्धवटच झाली.

प्रश्न : आमची वाडी डोंगरात. उपकेंद्र लांब, तिथं नर्स आठवड्यातनं एकदा. एसटी दोन वेळा येते, पावसाळ्यात कधी येत नाही. बायकांना अर्धं तिकीट केलं पण गाडीच नसली तर काय करायचं? या मोठ्या धोरणांचा आम्हाला काही उपयोग आहे का? – चंदगड तालुका

ताई, तुमचा प्रश्न शेवटी ठेवला कारण त्यावर सगळ्यात जास्त बोलायचं होतं. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, चांगली गोष्ट झाली, कामाला, बाजाराला, माहेरला जाणाऱ्या बायका वाढल्या हे स्टँडवर दिसतं. पण सवलत ही गाडीत बसल्यावर मिळते. जिथं गाडी येत नाही तिथं शून्यातला अर्धा भाग शून्यच. दवाखाना असाच. गाडी नाही, नर्स नाही, मग तापाच्या पोराला घेऊन वडाप (खाजगी जीप) किंवा कुणाची तरी मोटरसायकल, मग खाजगी डॉक्टर, मग सलाईन, मग उसने पैसे. सरकारी सेवा नसली की तिची किंमत घरच भरतं, आणि ती कुठल्याच महागाईच्या बातमीत येत नाही. पहिल्या प्रश्नातल्या दादांना पगार वाढून पाहिजे, पण तुमच्या वाडीत पगार वाढला तरी तो या खड्ड्यातच जाईल.

उपयोग आहे का विचारलंत, तर आहे, पण मागावा लागतो. डोंगरी भागात ३,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र आणि २०,००० ला एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा निकष आहे, सपाटीला तो ५,००० आणि ३०,००० आहे. तुमच्या आसपासच्या वाड्यांची लोकसंख्या बेरीज करून बघा. ग्रामपंचायतीला वित्त आयोगाचे पैसे येतात, पंधराव्या आयोगाच्या काळात त्यातले ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधलेले होते आणि ४० टक्के गावानं ठरवायचे, तर ते ४० टक्के कशावर गेले हे ग्रामसभेत विचारायचा तुम्हाला हक्क आहे. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते, ती घ्या म्हणून ग्रामसेवकाला लेखी द्या. तिथं दोनच ठराव करा, जास्त नको. एक, नर्स कोणत्या दिवशी येणार ते उपकेंद्राच्या दारावर लिहावं आणि त्या दिवशी ती यावी. दोन, सकाळची एसटी पावसाळ्यात कुठपर्यंत येऊ शकते ते आगारानं लेखी कळवावं. पहिल्याची प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना, दुसऱ्याची चंदगड आगाराला. दोन्हीकडं पोच घ्या, तारखेच्या शिक्क्यासह, आणि महिन्याभरात काय उत्तर आलं ते आम्हाला पाठवा. उत्तर आलं तरी छापू आणि नाही आलं तरी छापू.